लॅपटॉपवर धावतं, पायवर अडतं: सी प्रोग्राममधले कमांड लाइन ऑप्शन

गोव्यात फोंड्याहून जुवारीच्या काठाला उतरलं की खाजन शेतं लागतात. बाहेर नदी, मध्ये बांद, आत कोरगुट भात, आणि बांदाच्या पोटात मानस. भरतीचं खारं पाणी अडवणारी आणि ओहोटीला आतलं पाणी सोडणारी लाकडी दारं म्हणजे मानस. अशाच एका मानशीजवळ गेले दोन पावसाळे माझा एक छोटा सी प्रोग्राम चालू आहे. नाव ‘पातळी’. सेन्सरकडून पाण्याची उंची घ्यायची, वेळेसकट फाईलमध्ये लिहायची, एवढंच त्याचं काम. यंदा ज्यांनी मानशीची पावणी (तिथली मासळी धरायच्या हक्काचा लिलाव) घेतली आहे, ते काका आठवड्यातून एकदा ती फाईल मागवतात. मासळीसाठी जाळं कधी लावायचं हे त्यांना माझ्या फाईलपेक्षा कितीतरी आधी कळतं, पण मागवतात.

खारी हवा, गंजलेल्या पिना, केबल कुरतडणारे खेकडे, सगळं धरून चाललो होतो. डोकं खाल्लं ते प्रोग्रामच्या सुरुवातीच्या तीसेक ओळींनी, म्हणजे कमांड लाइनवरचे ऑप्शन (प्रोग्राम सुरू करताना नावापुढे टाइप केलेल्या सूचना) वाचणाऱ्या भागाने. दर वेळी लक्षण वेगळं आणि दुखणं तिथलंच. भाचा परवा तिसऱ्यांदा म्हणाला, “मामा, ऑप्शन दिला तरी घेत नाही.” तेव्हा ठरवलं की हे एकदा लिहूनच काढावं.

ऑप्शनची अक्षरं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. -एन म्हणजे हायफन आणि त्याला चिकटून एकच लहान रोमन अक्षर. ‘पातळी’ला -एन (किती मिनिटांनी मोजायचं), -ओ (कुठल्या फाईलमध्ये लिहायचं) आणि -व्ही (बडबड कर) असे तीन ऑप्शन आहेत. त्यांच्यानंतर हाताने घेतलेलं एखादं माप सेंटिमीटरमध्ये देता येतं. वाचायचं काम गेटऑप्ट फंक्शन करतं. एटी अँड टी ने ते 1985 साली सगळ्यांना खुलं केलं. आज ते पॉझिक्स ह्या युनिक्ससारख्या सिस्टिमांच्या स्टँडर्डचा भाग आहे, त्यामुळे लिनक्स असो वा मॅक, ते असतंच.

आधी आर्गव्ही छापा

गेटऑप्टला दोष देण्याआधी शेलने (टाइप केलेली कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) आपल्या प्रोग्रामच्या हातात नक्की काय ठेवलं ते बघा. मेन ह्या सुरुवातीच्या फंक्शनच्या पहिल्या ओळीला एक लूप घाला आणि आर्गव्ही, म्हणजे कमांडच्या शब्दांच्या यादीमधली प्रत्येक स्ट्रिंग आपापल्या ओळीवर, चौकटी कंसात छापा:

0 [./पातळी]
1 [-एन]
2 [30]
3 [-ओ]
4 [नोंद.टीएक्सटी]

कंस हवेतच. शेवटी चिकटलेली स्पेस, तुटलेलं नाव, रिकामी स्ट्रिंग, हे सगळं कंसांमुळेच दिसतं. भाच्याने एकदा रन करायची स्क्रिप्ट विंडोजच्या नोटपॅडमध्ये दुरुस्त करून पाठवली. त्यानंतर नोंदींची फाईल सापडेना. एलएसने यादी काढली तर नाव समोर दिसतंय, कॅटने उघडायला गेलं तर अशी फाईल नाही! आर्गव्ही छापल्यावर शेवटच्या ओळीचा बंद कंस उडी मारून ओळीच्या सुरुवातीला आलेला दिसला. विंडोज ओळीच्या शेवटी जास्तीचा कॅरेज रिटर्न ठेवतं. तो फाईलच्या नावाला शेपटीसारखा चिकटला होता. स्क्रिप्टवर डॉस-टू-युनिक्स चालवलं आणि काम झालं.

हा लूप गेटऑप्टच्या आधी हवा, नंतर नको. लिनक्सवरच्या ग्लिबसी ह्या सी लायब्ररीचं गेटऑप्ट ऑप्शन नसलेल्या गोष्टी मागे ढकलत जातं, म्हणजे आर्गव्हीचा क्रमच बदलतं. नंतर छापाल तर तुम्ही टाइप केलेलं दिसणार नाही, त्याने लावलेलं दिसेल.

प्रोग्राम सुरू होतो, पण पुढे काहीच होत नाही

ह्या एकाने माझे दोन दिवस खाल्ले, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिला पावसाळा ‘पातळी’ एका जुन्या लॅपटॉपवर होता. बांदावरच्या खोपीत, प्लास्टिकच्या पेटीत. एकही तक्रार नाही. दुसऱ्या वर्षी म्हटलं, वीज कमी लागेल, रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर बसवू. कोड कॉपी केला, पायवरच कंपाइल केला, क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड चालवणारी सोय) दर पंधरा मिनिटांची ओळ घातली आणि आभाळ भरून आलं म्हणून घाईने घर गाठलं. रात्रीचे नऊ वाजले होते. सकाळी सातला काकांचा फोन: “तुजें मशीन न्हिदलां.” झोपलंय म्हणे. जाऊन बघतो तर झोपलेलं कसलं, तापून लाल. टॉप कमांडमध्ये ‘पातळी’च्या चाळीस प्रती एकमेकींच्या उरावर बसलेल्या, आणि फाईलमध्ये नोंद एकही नाही.

मी आधी सेन्सरच्या कोडवर संशय घेतला, मग सेन्सरच्या आय-स्क्वेअर-सी जोडणीवर, मग नव्या एसडी कार्डावर. एका प्रतीला जीडीबी हा डीबगर लावून बघितलं तेव्हा कळलं की स्वारी सेन्सरपर्यंत पोचलेलीच नाही. ऑप्शन वाचायच्या व्हाइल लूपमध्येच गोल गोल फिरते आहे.

लूप तोच होता, जो सगळेच लिहितात: गेटऑप्टने दिलेलं उत्तर सी नावाच्या व्हेरिएबलमध्ये ठेवायचं आणि -1 येईपर्यंत फिरायचं. माझी चूक व्हेरिएबलच्या टाइपमध्ये होती. मी तो कॅर, म्हणजे एका बाइटचा अक्षराचा टाइप, धरला होता. अक्षर मिळणार म्हणून कॅर, असा सरळ विचार. पण गेटऑप्ट परत देतं ते इंट, म्हणजे पूर्णांक. कारण त्याला अक्षरांशिवाय ‘संपलं’ हेही सांगायचं असतं, आणि ते -1 ने सांगतं.

मग लॅपटॉपवर वर्षभर कसं चाललं? सी भाषेच्या स्टँडर्डने नुसता कॅर साइन्ड (उणे आकडेही मावणारा) की अनसाइन्ड (शून्यापासून वरचेच मावणारा) हे मोकळं सोडलं आहे. इंटेलच्या प्रोसेसरवर जीसीसी हे कंपायलर तो साइन्ड धरतं, त्यामुळे -1 त्यात -1 म्हणूनच बसतो आणि लूप संपतो. एआरएम जातीच्या प्रोसेसरवरच्या लिनक्समध्ये तोच कॅर अनसाइन्ड असतो. रास्पबेरी पाय एआरएमवाला. तिथे -1 आत गेला की 255 होतो. तुलनेच्या वेळी 255 आणि -1, दोन्ही इंट म्हणून समोरासमोर येतात आणि कधीच सारखे होत नाहीत. लूप अमर झाला. वर माझ्या स्विचमधल्या डिफॉल्टमध्ये आळसाने नुसता ब्रेक लिहिलेला. तिथे वापराची माहिती छापली असती, तर स्क्रीनभर तीच ओळ धावताना दिसून पाच मिनिटांत उलगडा झाला असता.

उपाय एका शब्दाचा: कॅरच्या जागी इंट.

पण हे आधीच कसं पकडायचं? जीसीसीला -वॉल हा ताकिदी दाखवायचा ऑप्शन दिला तरी तो गप्प बसतो. -डब्ल्यूएक्स्ट्रा दिलं तर ही तुलना नेहमीच खरी ठरणार अशी ताकीद देतो, पण ती पायवरच. इंटेलवर कॅर साइन्ड असल्यामुळे तिथे त्याच्या दृष्टीने काही वावगं नसतं. म्हणून मी आता लॅपटॉपवरही एकदा -एफअनसाइन्ड-कॅर हा ऑप्शन लावून कंपाइल करतो. तो लावला की इंटेलवरचा कॅरही अनसाइन्ड होतो. ताकीद घरबसल्या मिळते, आणि चूक असेल तर प्रोग्राम घरीच अडकतो. पावसात बांदावर जावं लागत नाही.

आणि हो, मॅकच्या नव्या चिपा एआरएमच्या असल्या तरी ॲपलने तिथे कॅर साइन्डच ठेवला आहे. ‘माझ्या मॅकवर चालतं, तोही एआरएमच’ हा पुरावा त्यामुळे पुरत नाही.

सेगमेंटेशन फॉल्ट

गेटऑप्टला ऑप्शनची यादी एका स्ट्रिंगमध्ये द्यायची असते. ‘पातळी’साठी ती "एन:ओ:व्ही". ज्या अक्षरानंतर कोलन, त्याला किंमत लागते. व्हीनंतर कोलन नाही, कारण -व्ही एकटाच येतो.

कोलन राहिला की काय होतं? गेटऑप्टच्या लेखी -एनला किंमत नसते, म्हणून किंमत दाखवणारा ऑप्टआर्ग पॉइंटर नल (रिकामा) राहतो. तुम्ही तो नल बिनधास्त एटॉयला (स्ट्रिंगचा आकडा करणारं फंक्शन) देता आणि प्रोग्राम तिथेच सेगमेंटेशन फॉल्टने कोसळतो. तुमचं 30 बिचारं सुटं आर्ग्युमेंट म्हणून मागे पडून राहतं. ऑप्शनच्या भागात सेगमेंटेशन फॉल्ट आला, तर दहातल्या नऊ वेळा मी आधी कोलन मोजतो.

लांब ऑप्शन घेणारं गेटऑप्ट-लाँग वापरत असाल तर ह्याच चुकीला दुसरी जागा मिळते. --अंतरला किंमत लागते हे स्ट्रक्टच्या टेबलात लिहिलेलं असतं, पण छोट्या -एनसाठी स्ट्रिंगमधला कोलन वेगळा द्यावा लागतो. दोन्ही एकमेकांना विचारत नाहीत. मग --अंतर=30 चालतं आणि -एन 30 कोसळतं. शिवाय त्या टेबलाची शेवटची ओळ सगळी शून्यांची हवी. ती विसरलात तर गेटऑप्ट टेबल संपल्यावरही पुढची मेमरी वाचत सुटतं. कधी चालतं, कधी कोसळतं, आणि मध्ये एखादा प्रिंटएफ घातला की बरं होतं! अशा चुकीचा माग काढणं म्हणजे अंधारात कुर्ल्या पकडणं.

दोन कोलनचाही एक प्रकार आहे, ‘किंमत दिली तर घे, नाहीतर चालेल’. हा जीएनयूचा स्वतःचा जोड आहे, आणि त्यात किंमत ऑप्शनला चिकटूनच द्यावी लागते. -व्ही3 चालतं, -व्ही 3 मध्ये ऑप्टआर्ग नल येतो आणि 3 बाहेर राहतं. लोकांना हे लक्षात ठेवायला लावू नये असं माझं मत. मी दोन कोलन वापरत नाही.

उणे मापं

मानशीजवळ एक रंगवलेली मोजपट्टी आहे. शून्याची खूण कुणीतरी अंदाजाने मारलेली, त्यामुळे मोठ्या ओहोटीला पाणी खुणेच्या खाली जातं. काका हाताने माप घेतात आणि भाचा ते टाइप करतो:

./पातळी -ओ नोंद.टीएक्सटी -12

उत्तर: इनव्हॅलिड ऑप्शन -- '1'. लगेच खाली, इनव्हॅलिड ऑप्शन -- '2'. गेटऑप्टला सेंटिमीटर कळत नाहीत. हायफनने सुरू झालं ते ऑप्शन, आणि एका हायफनमागे दोन अक्षरं म्हणजे दोन ऑप्शन एकत्र. जसं -एव्ही म्हणजे -ए आणि -व्ही, तसंच त्याने -12 वाचलं.

ह्यावर जुना उपाय म्हणजे एकटं --. ते आलं की पुढचं काहीच ऑप्शन मानायचं नाही:

./पातळी -ओ नोंद.टीएक्सटी -- -12

चालतं, पण मोबाइलवर एका हाताने टाइप करणारा माणूस ते दुसऱ्याच दिवशी विसरतो. म्हणून मी मापासाठी वेगळा -के ऑप्शन केला, कोलनसकट. किंमत हवी असलेल्या ऑप्शनच्या पुढे जे येईल ते गेटऑप्ट डोळे मिटून किंमत म्हणून घेतं, मग ते हायफनने का सुरू होईना. त्यामुळे -के -12 विनातक्रार चालतं.

हाच गुण दुसरीकडे दोष होतो. भाच्याने एकदा ./पातळी -ओ -व्ही असं दिलं, फाईलचं नाव लिहायचं राहूनच गेलं. गेटऑप्टने -व्ही हेच फाईलचं नाव समजून घेतलं. बडबड झाली नाही, आणि फोल्डरमध्ये -व्ही नावाची फाईल तयार. ती आरएमने पुसायला गेलं तर आरएमही तिला ऑप्शन समजतो. आरएम ./-व्ही असं लिहावं लागलं. आता -ओची किंमत हायफनने सुरू झाली तर मी कोडमध्येच थांबतो आणि “फाईलचं नाव राहिलं का?” असं विचारतो. हे स्टँडर्डमध्ये बसत नाही, पण आमच्यापैकी कुणालाही हायफनने सुरू होणारी फाईल नको आहे.

माझ्याकडे चालतं, त्याच्याकडे नाही

आपण ./पातळी 12 -व्ही असं लिहिलं, म्हणजे ऑप्शन शेवटी, तरी लिनक्सवर चालतं, कारण वर म्हटलं तसं ग्लिबसी क्रम बदलून घेतं. मॅकवर किंवा अल्पाइन लिनक्सवर, जिथे मसल ही लायब्ररी असते, तिथे गेटऑप्ट पहिल्या सुट्या शब्दापाशी थांबतं. -व्ही मग ऑप्शन राहतच नाही. पॉझिक्सला हीच दुसरी रीत अपेक्षित आहे. ग्लिबसीलाही तसं वागायला लावता येतं: यादीच्या स्ट्रिंगच्या सुरुवातीला + टाका. सवय म्हणून ऑप्शन आधी, सुटे शब्द नंतर, एवढं पाळलं तर कुठेच अडत नाही.

सुटे शब्द वाचताना आर्गव्हीचा 1, 2 असा ठरीव क्रमांक धरू नका. लूप संपल्यावर ऑप्टइंड (गेटऑप्टचा पुढच्या शब्दाचा क्रमांक) जिथे उभा असेल तिथून पुढे वाचा, आणि तो आर्गसीपेक्षा (एकूण शब्दांची संख्या) लहान आहे ना हे आधी बघा.

कंपाइलच होत नसेल, गेटऑप्ट आणि ऑप्टआर्ग ओळखीचेच नाहीत असं म्हणत असेल, तर -एसटीडी=सी99 दिलंय का ते बघा. तसं सांगितल्यावर जीसीसी पॉझिक्सची नावं झाकून ठेवतं. सी99 च्या जागी जीएनयू99 द्या, नाहीतर सगळ्या इन्क्लूडच्या वर पॉझिक्स-सी-सोर्सचा मॅक्रो 200809 ह्या किमतीने डिफाइन करा. डिक्लेअर न केलेल्या फंक्शनवर पूर्वी नुसती ताकीद मिळायची, जीसीसी 14 पासून ती थेट चूक झाली आहे. म्हणून जुना कोड नव्या मशीनवर अचानक अडतो.

व्हॉट्सॲपवरून आलेली कमांड

हा घोळ महिन्यातून एकदा ठरलेला. मी कमांड लिहून पाठवतो, समोरचा ती कॉपी करतो, आणि प्रोग्राम एकही ऑप्शन ओळखत नाही. चूकही दाखवत नाही, फक्त सगळे सुटे शब्द असल्यासारखा वागतो. डोळ्यांना कमांड अगदी बरोबर दिसते. पण वाटेत वर्डसारख्या एखाद्या शहाण्या प्रोग्रामने हायफनच्या जागी लांब डॅश घातलेला असतो, आणि कधी दोन हायफन जोडून एक लांबलचक डॅश केलेला असतो. गेटऑप्टला साधा हायफनच कळतो. डॅश हे त्याच्या दृष्टीने तीन बाइटचं कुठलंतरी अक्षर. आर्गव्ही छापून बघा, आणि तरी दिसलं नाही तर ते आउटपुट एकेक बाइट दाखवणाऱ्या एक्सएक्सडीमधून काढा. जिथे एकच बाइट हवा तिथे तीन दिसतील.

त्याच जातीची गंमत मराठी अक्षरांची. भाच्याने हौसेने -म असा ऑप्शन देऊन बघितला. एका अक्षराला तीन तक्रारी आल्या, तिन्हींत चिन्हांचा कचरा. ‘म’ युटीएफ-8 मध्ये तीन बाइटचा, आणि गेटऑप्ट एकेक बाइट म्हणजे एकेक ऑप्शन धरतं. मराठी नाव हवंच असेल तर ते लांब ऑप्शनला द्या. तिथे पूर्ण स्ट्रिंग जुळवली जाते, त्यामुळे --अंतर मजेत चालतं. आमच्याकडे चालू आहे.

किंमत येते, पण चुकीची

एका रात्री नोंदींची फाईल भराभर फुगली. सेकंदाला शेकडो ओळी. शेलमधला कमांडचा इतिहास उघडला तर कमांड -एन ३० अशी. कीबोर्ड मराठीवर होता, तीस देवनागरीत पडले. एटॉयला देवनागरी आकडे वाचता येत नाहीत. त्याने शून्य परत दिलं, आणि ‘दर शून्य मिनिटांनी मोज’ हा हुकूम प्रोग्रामने इमानाने पाळला.

एटॉयचं खरं दुखणं हेच. ‘0’ दिलं तरी शून्य, ‘फोंडा’ दिलं तरी शून्य, आणि ‘12केळी’ दिलं तर बारा. चूक कळायला वाट नाही. त्याच्या जागी स्ट्रटॉल घ्या. चूक झाली तर तिचा प्रकार नोंदवणाऱ्या एररनोला आधी शून्य करा. स्ट्रटॉल कुठे थांबलं ते दुसऱ्या पॉइंटरमध्ये मिळतं. तो सुरुवातीलाच असेल तर एकही आकडा मिळालेला नाही. तो स्ट्रिंगच्या शेवटच्या शून्य बाइटवर नसेल तर मागे कचरा आहे. एररनो ईरेंज झाला असेल तर आकडा मावला नाही. ह्या तिन्हींतून पार पडलेला आकडा मग स्वतःच्या हद्दीत बसवा. माझ्याकडे 1 ते 1440 मिनिटं, म्हणजे जास्तीत जास्त एक दिवस.

स्ट्रटॉलला बेस 10 द्या, 0 देऊ नका. 0 दिला की ‘010’ चे आठ होतात, कारण सुरुवातीचं शून्य ऑक्टलची (आठाच्या पायाची) खूण. आपल्याकडे माणसं रजिस्टरात ‘010’ सहज लिहितात आणि दहाच समजतात.

हाताने चालतं, क्रॉनमधून नाही

दर दिवसाची वेगळी फाईल हवी म्हणून मी क्रॉनच्या ओळीत -ओच्या पुढे तारीख काढणारी डेट कमांड घातली. तिच्यात टक्क्याचं चिन्ह असतंच. टर्मिनलवर झकास, क्रॉनमध्ये ठप्प. क्रॉनटॅबमध्ये % ला वेगळा अर्थ आहे: पहिल्या % पाशी कमांड संपते, आणि पुढचं सगळं त्या कमांडला इनपुट म्हणून जातं. अवतरणात टाकूनही सुटका नाही. प्रत्येक % च्या आधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. मी ती सगळी ओळच एका स्क्रिप्टमध्ये टाकली आणि क्रॉनमध्ये फक्त स्क्रिप्टचं नाव ठेवलं. स्क्रिप्टमध्ये प्रोग्रामचा पूर्ण पाथ लिहा. क्रॉनचा पाथ, म्हणजे प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांची यादी, फारच आखूड असतो.

परवापर्यंत चालत होतं

लांब ऑप्शन अर्धवट लिहिले तरी गेटऑप्ट-लाँग ओळखतं, जोवर दुसरं काही जुळत नाही तोवर. भाच्याने स्क्रिप्टमध्ये --अंतरच्या जागी --अं एवढंच लिहून ठेवलं होतं. मी एके दिवशी --अंश नावाचा नवा ऑप्शन वाढवला आणि त्याची स्क्रिप्ट मेली: ऑप्शन ॲम्बिग्युअस. कोडमध्ये चूक काहीच नाही. स्क्रिप्टमध्ये पूर्ण नावं लिहायची असा दंडक आता घातला आहे, तो पाळला जातो असं नाही.

चुकीचा संदेश स्वतः द्यायचा असेल तर

यादीच्या स्ट्रिंगच्या अगदी सुरुवातीला एक कोलन टाका: ":एन:ओ:के:व्ही". मग गेटऑप्ट स्वतः इंग्रजीत काही छापत नाही. किंमत राहिली असेल तर ':' परत देतं, अनोळखी ऑप्शन असेल तर '?'. कोणतं अक्षर होतं ते ऑप्टऑप्टमध्ये असतं. हा कोलन नसेल तर दोन्ही चुकांना '?' च मिळतं आणि फरक करता येत नाही. काकांच्या पोराला “-एनच्या पुढे मिनिटं लिही” असं मराठीत दिसायला लागल्यापासून माझे फोन निम्म्याने कमी झाले.

आता हे सगळे प्रकार मी एका शेल स्क्रिप्टमध्ये घातले आहेत: उणं माप, देवनागरी आकडा, लांब डॅश, 010, फाईलचं राहिलेलं नाव, वगैरे बारा ओळी. कोडला हात लावला की ती चालवायची, एकदा साधी आणि एकदा -एफअनसाइन्ड-कॅरने कंपाइल करून. परवा भाच्याने तेरावी ओळ घातली. त्याच्या स्क्रिप्टमध्ये मिनिटांचं व्हेरिएबल भरायचं राहून गेलं होतं, आणि त्याच्याभोवती अवतरणही नव्हतं. शेलने रिकामं व्हेरिएबल पुसून टाकलं, -एनच्या पुढे थेट -ओ आला आणि गेटऑप्टने -ओ हीच मिनिटं समजून घेतली. स्ट्रटॉलने ते अडवलं, पण संदेश आला “मिनिटांचा आकडा चुकीचा: -ओ”, आणि त्यावरून कुणालाच काही उमगेना. अवतरण घातल्यावर रिकामी स्ट्रिंग आत आली. तिथेही पॉइंटर सुरुवातीलाच राहिला, आणि संदेश आला “मिनिटांचा आकडा चुकीचा:”, पुढे काहीच नाही. म्हणून आता त्या संदेशातही किंमत चौकटी कंसात छापतो.